अप्पांच्या वाटणीचं मीठ

"तुमी माझ्या वांग्यात कामून नाचायलाव?" नागुबाईंनी मोरीतूनच विचारलं.

वीरभद्रअप्पा नाचत नव्हते. चपला बांधावर काढून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ते एका पावलापुढं दुसरं पाऊल अगदी चिकटवून ठेवत वांग्याच्या वाफ्यातून सरळ चालले होते. वाटेत झाड आलं तरी पाऊल वाकडं पडू देत नव्हते, त्यामुळं झाडंच वाकडी होत होती.

"माप घ्यायलोय," अप्पा म्हणाले.

"कशाचं?"

"माझ्या समाधीचं."

नागुबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तांबे पडत नाहीत. त्यांनी तो घासून पालथा घातला, पदराला हात पुसले आणि त्या बाहेर आल्या. "मरायचं तर मरा बापा," त्या म्हणाल्या, "पन तोडायला आलेली वांगी कामून तुडवायलाव?"

अप्पांचं मरण असं वांग्यापासून सुरू झालं. गंगाखेडच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागं घर. उभ्या हयातीत त्यांनी गल्ल्यावर बसून एक शब्द तोंडातून काढला नव्हता, तो म्हणजे 'नाही'. दुकानदारानं नाही म्हटलं की लक्ष्मी उंबऱ्यावरून परत फिरते, असं त्यांचे वडील सांगत. त्यामुळं साबण संपलेला असला की अप्पा म्हणत, "येईल की उद्या." गूळ नसला की म्हणत, "काल लय होता." गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाई, पण नकार घेऊन जात नसे.

अशा माणसाच्या छातीत एके दिवशी तराजू उचलताना कळ आली. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब मोजला आणि सांगितलं की जिना चढू नका, राग धरू नका आणि मीठ बंद करा. पहिल्या दोन गोष्टी अप्पांनी मान हलवून ऐकल्या. तिसरी ऐकून त्यांचा चेहरा उतरला. दुकानात छताला टेकतील एवढी मिठाची पोती, आणि मालकाच्या ताटात अळणी वरण. ज्या माणसाचं मीठच बंद झालं त्याचं जगात काही उरलं नाही, असा हिशेब त्यांनी दवाखान्याच्या पायरीवरच मांडला.

त्यात आदल्या पावसाळ्यात गोदावरीनं आणखी एक काम करून ठेवलं होतं. अप्पांच्या समाजात माणसाला जाळत नाहीत, पुरतात; त्यांची दफनभूमी नदीच्या काठाला होती. पुरानं काठ कापला आणि अप्पांच्या वडिलांची समाधी, तिच्यावरच्या बेलासकट, एका दुपारी नदीत गेली. अप्पा ते उभे राहून बघत होते. वडिलांना पोहता येत नव्हतं, हे त्यांना राहून राहून आठवत होतं. तेव्हापासून त्यांनी मनाशी पक्कं केलं की आपण नदीकाठी जायचं नाही. आपली समाधी आपल्या दारात, कोरड्या जागेत.

रिवाज असा की माणसाला मांडी घालून बसवायचं, हातात इष्टलिंग द्यायचं, भोवती बेल, विभूती आणि मीठ भरायचं. आणि खड्ड्याचं माप असतं ज्याचं त्याच्या पावलाचं. दुसऱ्याचं पाऊल चालत नाही. आता, अप्पांचं पाऊल ही काही साधी गोष्ट नव्हती. गंगाखेडच्या कुठल्याच दुकानात त्यांच्या मापाची चप्पल मिळत नसे, मुद्दाम सांगून करवून घ्यावी लागे. अशा पावलानं चारी बाजू मोजल्यावर वांग्याचा जवळजवळ सगळा वाफा, अर्धा मोगरा आणि दोडक्याचा मांडव एवढी जागा समाधीत गेली.

"हत्तीला पुरायचंय का?" नागुबाईंनी विचारलं.

"पाऊल देवानं दिलंय. मी काय करू?"

ती बाग काही देवानं दिलेली नव्हती. अप्पांनी जागा घेतली तेव्हा घरामागं फुटकी कौलं, गंजके डबे आणि मुरूम होता. नागुबाईंनी दगड वेचले, पाटीपाटीनं काळी माती आणून टाकली, मोरीच्या सांडपाण्याला दांड काढून दिला. पहिल्या साली नुसती अंबाडी आली. दुसऱ्या साली वांगी आली ती किडली. मग कढीपत्ता धरला, शेवगा धरला, वाल चढला आणि कोपऱ्यातल्या लिंबाला एवढी लिंबं लागली की गल्लीत कुणाला ऊन लागलं तर लोक आधी नागुबाईंकडं येत, मग दवाखान्यात जात. अप्पा दुकानात लोकांशी बोलत, नागुबाई बागेत झाडांशी बोलत, आणि जेवताना दोघं गप्प बसत. संसार चांगला चालला होता.

खड्डा खणायला सिताराम आला. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल झाली त्या साली खेड्यावरचं त्याचं छप्पर जाळलं तेव्हापासून तो गंगाखेडला राहत होता, आणि विहीर, पाया, समाधी, कुणी काय सांगेल ते खणत होता. त्यानं खड्ड्याची आखणी बघितली, मग अप्पांकडं बघितलं.

"मानूस कुठंय?" त्यानं विचारलं.

"मीच हाय."

सितारामनं कुदळ खाली ठेवली. "अप्पा, मी मेल्यावर खनतो. जित्यासाठी कदी खनलं न्हाई."

"मग आता खन. मजुरी तीच."

खड्डा झाला. बसायचा कोनाडाही कोरून झाला. अप्पा शिडीनं आत उतरले आणि त्यांनी मांडी घालून बसून पाहिलं. शेजारचे किशनराव भिंतीवरून डोकावले. त्यांची शेती गावाला लागून होती आणि बैल घरामागं बांधलेले असत.

"कसं वाटायलंय, अप्पा?"

"जागा ऐसपैस हाय. हवा जरा कमी."

"तवा कशाला लागायलीय हवा?"

"तेबी खरंच," अप्पा म्हणाले आणि समाधानानं वर आले.

आता राहिलं मीठ. अप्पांनी फार पुढचा विचार केला. आपण गेलो की दुकानाला कुलूप लागणार. मुलगा रामलिंग रेल्वेत, पूर्णेला. त्याला चावी कुठली, पोतं कुठलं, काही ठाऊक नाही. म्हणजे ऐन वेळी लोक समोरच्या दुकानातून मीठ आणणार. वीरभद्रअप्पा किराणावाल्याच्या अंगावर दुसऱ्याच्या दुकानचं मीठ. नुसत्या कल्पनेनं त्यांच्या छातीत पुन्हा कळ आली. त्यांनी खड्याच्या मिठाची पोती हमालाकडून बागेत आणवली आणि खड्ड्याच्या काठाशी रचून ठेवली.

"हे काय?" नागुबाईंनी विचारलं.

"माझ्या वाटनीचं मीठ. जित्यापनी खाता येत न्हाई, मेल्यावर तरी लागू दे अंगाला."

इंतजाम पुरा झाला. आता फक्त मरायचं राहिलं होतं, आणि तेवढं मात्र जमेना. कळ येई, अप्पा झोपत, विभूती लावून घेत. पूर्णेला तार जाई, पोखर्णीला जंगमस्वामींना निरोप जाई. नामांतराच्या मोर्च्यांमुळं एसटी कधी सुटायची, कधी सुटायची नाही, तरी दोघं धडपडत येऊन पोचत. तोवर अप्पा उठून दुकानात बसलेले असत. स्वामी जेवून जात. रामलिंगला चौथ्या तारेला साहेबानं विचारलं, "तुझे वडील नक्की करतात तरी काय?" रामलिंगनं रजेचा अर्ज पुढं सरकवला.

इकडं मिठाचा वास किशनरावांच्या बैलांना लागला. जनावराला मीठ म्हणजे पेढे. एका सकाळी दावं तोडून एक बैल काटेरी कुंपणातून बागेत शिरला, वालाचा मांडव गळ्यात घालून पोत्याजवळ गेला आणि डोळे मिटून चाटत उभा राहिला. नागुबाईंनी काठी घेतली, किशनरावांनी दावं घेतलं, आणि दोघांनी मिळून त्याला बाहेर काढेपर्यंत कोथिंबिरीची रांगोळी झाली.

"मीठ आत न्या दुकानात," नागुबाईंनी बजावलं.

"नेतो," अप्पा म्हणाले. पण पोतं परत दुकानात नेणं म्हणजे मरण पुढं ढकलल्यासारखं होतं, आणि बाजारात लोक हसले असते. म्हणून नागुबाई देवळात गेल्याचं बघून त्यांनी पोती एकेक करून खड्ड्यात सोडली, कोनाड्यात बसवली, पुढं पत्रा लावला. बैल खड्ड्यात उतरणार नव्हता. काम चोख झालं. नागुबाईंनी आल्यावर काठ मोकळा बघितला आणि नवऱ्यानं आयुष्यात एकदा तरी ऐकलं म्हणून त्यांना बरं वाटलं.

त्या साली मृगानं दोन दिवस झोडपून काढलं आणि नंतर तोंड फिरवलं. ढग यायचे, बघून जायचे. आडाचा पोहरा तळाला खरवडून वर येऊ लागला. प्यायलाच पाणी पुरेना तिथं झाडांना कोण विचारतो? वांग्याची पानं दुपारी माना टाकू लागली. नागुबाई कढीपत्त्यापाशी जाऊन उभ्या राहत आणि रिकाम्या हातांनी परत येत.

आणि एका सकाळी त्यांचं लक्ष खड्ड्याकडं गेलं. नवऱ्याची समाधी काठोकाठ भरलेली. स्वच्छ, गार, आभाळाचं पाणी, आणि ते नुसतं पडून होतं. इतक्या दिवसांत अप्पांच्या मरणाचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होणार होता. नागुबाईंनी पदर खोचला आणि बादलीनं पाणी काढायला सुरुवात केली. आधी लिंबाला घातलं, मग मोगऱ्याला, मग उरलेल्या वांग्यांना. संध्याकाळी परत सगळ्यांना घातलं. झाडांना त्या म्हणाल्या, "प्या गं पोटभर."

चार-सहा दिवसांत पानांचे काठ करपले. नागुबाईंना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी आणखी पाणी घातलं. मोगरा झडला तेव्हा वाटलं, मुळं कोरडी राहिली असतील. त्यांनी मुळाशी आळं करून भरभरून घातलं. लिंबाची पानं पिवळी पडून एका रात्रीत खाली आली तेव्हा त्या दुकानात गेल्या. बाजाराच्या वेळी त्या कधी दुकानात येत नसत. अप्पा तराजू सोडून उठले.

"बागेला नजर लागली," त्या म्हणाल्या. "मी एवढं पानी घालायले, तरी जळायलीय."

"आडाला पानी कुठंय?"

"तुमच्या खड्ड्यातलं घालायले."

अप्पा अनवाणीच मागं गेले, खड्ड्याच्या काठाशी बसले, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

आता हे सांगायला नको, पण खरं ते सांगितलं पाहिजे. कित्येक महिन्यांनी अप्पांच्या जिभेला मीठ लागलं होतं. त्यांचे डोळे आपोआप मिटले. त्यांनी बोट पुन्हा एकदा बुडवलं आणि पुन्हा चाखलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं ते शेजारी उभ्या असलेल्या नागुबाईंनी बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं.

त्यांनी बादली उचलली, पालथी घातली आणि त्या तिच्यावर बसून राहिल्या. समोर लिंब उभा होता, नुसते काटे राहिलेला.

"मी पाजलं," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या हातानं पाजलं."

"मी ठेवलं हुतं आत. तुला सांगितलं न्हाई."

"व्हय. पन पाजलं मीच."

त्यानंतर त्या अप्पांशी बोलेनाशा झाल्या. भांडण बरं असतं, त्याला कधीतरी शेवट असतो. हा अबोला नुसता घरात बसून होता, पाहुण्यासारखा. ऊन तापलं तशी बागेत जमिनीवर पांढरी खार फुटली. लिंब वाळून खडखडीत झाला, पण नागुबाई त्याला कुऱ्हाड लावू देईनात. सकाळी उठून त्या अजूनही बागेत जात आणि मेलेल्या झाडांमधून सावकाश फिरून येत.

अप्पांना ते बघवेना. मरायची तयारी त्यांची पूर्ण होती, पण असं सगळं मारून मग मरायचं हे काही त्यांना पटेना. निदान एक झाड तरी उभं करून द्यावं आणि मग जावं. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं होतं, माती वाहू नका असं म्हटलं नव्हतं. अप्पांनी सितारामला बोलावलं आणि दोघांनी मिळून वरची खारट माती खरवडून काढली. खड्ड्याचा तळ आणखी खोल करून मिठाची सगळी घाण उपसली. किशनरावांनी बैलगाडी दिली. बैलाचाही त्या प्रकरणात हात होताच. गोदावरीतला गाळ गाडी गाडीनं येऊ लागला. ज्या नदीच्या भीतीनं खड्डा खणला, तिचाच गाळ त्यात पडायला लागला, आणि वर शेण, पालापाचोळा, भाजीची देठं.

पहिल्या साली काही आलं नाही. दुसऱ्या साली चिघळ आली. ते तण, पण अप्पा रोज जाऊन तिला बघून येत. तिसऱ्या साली अंबाडी हातभर वाढून पिवळी पडली. अप्पांनी पुन्हा माती बदलली. या काळात त्यांना एक सवय लागली. झाडाला घालायचं पाणी ते आधी बोट बुडवून चाखून बघत. पोहरा आडातून वर आला तरी चाखत, आभाळातून पाऊस पडला तरी तळहात पुढं करून चाखत. किशनराव भिंतीवरून विचारत, "कसं हाय पानी?" अप्पा म्हणत, "गोड हाय," आणि मगच तांब्या वाकडा करत.

माती वाहून वाहून त्यांचं पोट आत गेलं. कळ यायची बंद झाली. डॉक्टरांनी तपासलं, यंत्राची नळी बदलून परत तपासलं आणि म्हणाले, आता चिमूटभर मीठ खायला हरकत नाही. अप्पांनी घरी येऊन ही बातमी ताटावर बसून, भिंतीकडं बघत मोठ्यानं सांगितली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नागुबाई बोलल्या.

"तुमच्या वाटनीचं मीठ माझ्या बागेनं खाल्लं," त्या म्हणाल्या. "आता कुठून आनू?"

अप्पांनी अळणी पिठलं खाल्लं. बायको बोलली होती, त्याच्यापुढं मिठाचं काय घेऊन बसलात. दुसऱ्याच दिवशी ते परभणीला जाऊन लिंबाचं रोप घेऊन आले. एसटीत मांडीवर धरून आणलं, दोनदा उभं राहायची वेळ आली तरी हातातलं सोडलं नाही. ते लावायचं कुठं हा प्रश्न नव्हता. साऱ्या बागेत भरवशाची माती एकाच जागी होती.

"ती तुमची जागा हाय," नागुबाई म्हणाल्या.

"असू दे. मरताना काढू."

"बरं काढू देईन मी. लिंबाला लिंबू लागल्याबिगर मरायचं न्हाई, सांगून ठेवते."

अप्पांनी मान हलवली. त्या दिवसापासून ती दोघं रोज सकाळी लिंबापाशी उभी राहत. अप्पा पाणी चाखत, नागुबाई घालत. लिंबाच्या आजूबाजूला हळूहळू माती सुधारत गेली. आधी वांगी आली, मग वाल चढला. मोगरा पुन्हा धरला. रात्री अप्पांच्या ताटात अळणी भाजी येई आणि नागुबाई त्याच भांड्यातली वाढून घेत. त्यांना स्वतःपुरतं मीठ घेताना अप्पांनी कधी बघितलं नाही. एकदा त्यांनी विचारलंही. "दोन भाज्या कोन करायलंय?" एवढंच उत्तर आलं.

लिंबाला पहिलं फळ धरलं त्या दिवशी नागुबाईंनी ते पान बाजूला करून अप्पांना दाखवलं. हिरवंगार, बोराएवढं होतं.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता तुमाला मोकळीक हाय."

अप्पांनी बागेवर एक नजर टाकली. "औंदा दोडका चांगला हाय," ते म्हणाले. "फुडल्या साली बगू."

नागुबाई तोंडाला पदर लावून हसल्या. पुढल्या साली शेवग्याला शेंगा चांगल्या होत्या, त्याच्या पुढल्या साली पेरू. पोखर्णीच्या स्वामींना बरीच वर्षं निरोप गेला नाही, तेव्हा त्यांनीच कुणाकडून तरी विचारणा केली, की अप्पा बरे आहेत ना. जेवणाची आठवण येत असावी.

अप्पांच्या मरणाची सगळ्या गावाला तयारी होती. नागुबाईंच्या मरणाची कुणालाच नव्हती, त्यांना स्वतःलासुद्धा. चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीच्या तोंडावर थंडीत त्यांनी नेहमीप्रमाणं बाग भिजवली, अंगात तापाची कसर आली म्हणून पडल्या, दोन दिवस खोकल्या. अप्पा डॉक्टरांना घेऊन आले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिंबाला आज पानी राहिलं." डॉक्टरांनी पिशवी उघडली आणि थोड्या वेळानं परत मिटली.

त्याच दिवशी विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला होता. चौकात पोलीस उभे, बाजार बंद, एसटी अर्ध्या. पूर्णेला तार गेली. साहेबानं ती दोनदा वाचली, कारण या वेळी तारेत नाव दुसरं होतं, आणि काही न विचारता रामलिंगला सोडलं. स्वामी पोखर्णीहून कुणाच्या तरी जीपमधून आले. सितारामच्या वस्तीत निळे झेंडे लागले होते, पेढे वाटणं चाललं होतं. इतक्या वर्षांनी आलेला दिवस. तरी निरोप कळल्यावर तो कुदळ खांद्यावर टाकून आला आणि कपाळाचा निळा गुलाल दारात पुसून आत शिरला.

"नदीवर न्यायचं का?" किशनरावांनी हळूच विचारलं.

"लिंबाजवळ," अप्पा म्हणाले.

"जागा तुमची हाय ती, अप्पा," रामलिंग म्हणाला.

"तिनंच केलेली हाय ती."

सितारामनं सुतळी घेऊन नागुबाईंच्या पावलाचं माप घेतलं. मग तो बागेत जाऊन आखणी करू लागला आणि मधेच थांबला. त्यानं पुन्हा मोजलं. नागुबाईंचं पाऊल एवढंसं होतं. लिंब आणि वांग्याचा वाफा यांच्यामधे जी मोकळी पट्टी होती, तिच्यात सगळं माप बसलं. लिंबाची मुळी तुटली नाही, वांग्याचं एक रोप हललं नाही. जाताना बाई कुणाच्याच पायात आली नाही. अप्पा बांधावर चपला काढून उभे होते. त्यांनी ती आखणी बघितली आणि तिथंच खाली बसले, आणि मग सगळ्यांच्या देखत रडले.

बसवून झालं. हातात लिंग दिलं. विभूती झाली, बेल झाला. स्वामींनी मंत्र थांबवला आणि वर बघितलं. "मिठाचं पोतं घ्या."

रामलिंग चावी घ्यायला उठला. बाजार सगळा बंद होता, पण घरचंच दुकान, दारातच. तिथं मीठ असणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"बस," अप्पा म्हणाले. "दुकानात मीठ न्हाई."

रामलिंग तिथंच थांबला. वीरभद्रअप्पांच्या तोंडून दुकानातल्या मालाबद्दल हा शब्द गंगाखेडात कुणी ऐकला नव्हता. किशनरावांनी आदल्याच संध्याकाळी बैलांसाठी त्याच दुकानातून मीठ नेलं होतं, आणि पोती छताला लागलेली त्यांनी डोळ्यांनी बघितली होती.

"अप्पा, मागच्या खोलीत तर—" रामलिंग बोलायला लागला. किशनरावांनी त्याचा हात दाबला.

"अप्पा न्हाई म्हनायलेत ना? मग न्हाई."

स्वामींनी लिंबाकडं बघितलं, वांग्याच्या वाफ्याकडं बघितलं. त्या घरी इतक्या वेळा अळणी जेवून गेलेला माणूस तो. "चालतंय," ते म्हणाले. "बेल टाका अजून. माती घाला."

माती सितारामनं घातली. नदीच्या गाळाची, शेणखताची, काळी, भुसभुशीत माती होती ती.

संध्याकाळी माणसं पांगली. घरात चूल पेटली नव्हती म्हणून किशनरावांच्या घरून पिठलं-भाकरी आली. रामलिंगनं ताट पुढं ठेवलं. अप्पांनी एक घास घेतला. पिठल्यात मीठ होतं, कुणाच्याही घरच्या पिठल्यात असतं तेवढंच. अप्पांनी तो घास बराच वेळ तोंडात धरला, कसाबसा गिळला आणि ताट बाजूला सारलं.

मग ते उठले, आडाचं पाणी तांब्यात घेतलं आणि बागेत गेले. लिंबाचं पाणी राहिलं होतं. मागोमाग रामलिंग कंदील घेऊन येऊन उभा राहिला. ओल्या मातीपाशी अप्पा वाकले, बोट तांब्यात बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोड हाय," त्यांनी सांगितलं, आणि तांब्या वाकडा केला.